मागच्या खोलीतल्या टाक्या : समुद्री मत्स्यालये, परजीवी आणि विलगीकरणाचा इतिहास

पालघर जिल्ह्यातले तारापूर आज दोन गोष्टींनी ओळखले जाते : अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहत. त्याआधीचे तारापूर किल्ल्याचे, खाडीचे आणि पारशी वस्तीचे होते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी इथला किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. पुढे इंग्रजी अमलात तो विकाजी मेहेरजी या पारशी सावकारी घराण्याकडे आला. तारापूरच्या पारशी कुटुंबांनी मुंबईला जाताना गावाचे नाव आडनावात नेले. ‘तारापोरवाला’ हे त्यांतले एक. मुंबईकरांना ते दोन कारणांनी ठाऊक झाले. एक फोर्टातले पुस्तकांचे दुकान आणि दुसरे मरीन ड्राइव्हवरचे मत्स्यालय.

हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. त्याला सुमारे आठ लाख रुपये खर्च आला आणि त्यांपैकी दोन लाख रुपये डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीचे होते. मत्स्यालयाबरोबर सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्रही उभे राहिले. मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो इथल्या काचेमागे. ताटातला पापलेट माहीत होता. कल्ले हलवत डोळ्यांसमोरून जाणारा मासा ही नवलाई होती.

त्याच १९५१ साली लंडनमध्ये ई. एम. ब्राउन यांनी समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उमटवणाऱ्या एका सूक्ष्म एकपेशीय परजीवीला नाव दिले : क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. जगभरच्या समुद्री मत्स्यालयांची झोप उडवणारा हा जीव. मुंबईतले उद्घाटन आणि लंडनमधले नामकरण यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण काचेची टाकी आणि तिच्यातला परजीवी यांचा इतिहास जोडीनेच चालत आला आहे, आणि ही जोडी समजली नाही तर कितीही पैसा ओतून बांधलेले मत्स्यालय आतून पोखरले जाते. या लेखाचा विषय ती जोडी आणि तिच्यावर माणसाने शोधलेला एकमेव भरवशाचा उपाय, म्हणजे नव्या माशाला काही काळ वेगळे ठेवणे, हा आहे.

काच आली, रोग दिसला

सार्वजनिक मत्स्यालयाची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये ‘फिश हाउस’ उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. आपल्याकडे मद्रासच्या समुद्रकिनारी १९०९ मध्ये मत्स्यालय सुरू झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२४ मध्ये नवे, मोठे मत्स्यालय बांधले. या साऱ्या ठिकाणी एकच अडचण पुन्हापुन्हा येत होती. मासे धडधाकट येत, काही दिवस नीट खात, आणि मग एखाद्या आठवड्यात टाकीच्या टाकी रिकामी होई.

कारणे हळूहळू सापडत गेली. त्यांच्या तारखा आणि ठिकाणे एका ओळीत मांडली की एक गोष्ट लक्षात येते. १९२७ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातल्या माशांवरून त्वचेला चिकटणाऱ्या एका चपट्या कृमीचे वर्णन झाले. आज तो निओबेनेडेनिया या नावाने ओळखला जातो. १९३१ मध्ये ब्राउन यांनीच लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांच्या कल्ल्यांवरून दुसऱ्या एका मारेकऱ्याचे वर्णन केले. माशाच्या अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते म्हणून शौकीन त्याला ‘व्हेल्व्हेट’ म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅमिलूडिनियम. १९३७ मध्ये जपानमध्ये सिकामा यांनी समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर प्राथमिक अहवाल लिहिला, आणि १९५१ मध्ये त्या ठिपक्यांच्या जिवाला आजचे नाव मिळाले.

म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत समुद्री माशांचे तीन मोठे शत्रू ओळखीचे झाले, आणि ही ओळख मुख्यतः बंदिस्त पाण्यातल्या माशांवर झाली. हे परजीवी समुद्रात नव्हते असे नाही. लाखो वर्षे होते. पण समुद्रात त्यांचा त्रास माशाला पिसवांच्या त्रासाइतकाच असे. त्यांना मारेकरी केले ते काचेच्या चार भिंतींनी.

एकाचे दोनशे

हे कसे घडते ते पांढऱ्या ठिपक्यांच्या उदाहरणावरून नीट कळते. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या पातळ थराखाली शिरून पोसणारा परजीवी. तीन ते सात दिवस तो तिथे खातो, वाढतो आणि मग मासा सोडून खाली पडतो. वाळूवर, दगडावर, काचेवर कुठेही चिकटून स्वतःभोवती टणक कवच करतो. कवचाच्या आत त्याचे विभाजन होत राहते आणि काही दिवसांनी एका कवचातून दोनशेपर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. अरबी समुद्रात कवच फुटते तेव्हा मासा कधीच मैलभर पुढे गेलेला असतो. दोनशेंपैकी एखाद्याला यजमान मिळाला तरी परजीवीचा वंश चालतो. निसर्गाने दोनशेचा आकडा ठेवला तो या प्रचंड नुकसानीचा हिशेब धरून. आता हाच जीव तीनशे लिटरच्या टाकीत ठेवा. मासा कुठे जाणार? समजा दहा परजीवी खाली पडले. त्यांची दोन हजार पिल्ले झाली आणि त्यांतल्या शेकडा पाचांनाच मासा सापडला, तरी पुढच्या फेरीत शंभर झाले, त्याच्या पुढच्या फेरीत हजार. माशाच्या मालकाला पहिल्या फेरीत एखाद-दुसरा ठिपका दिसतो आणि तोही दोन दिवसांत नाहीसा होतो. मालकाला वाटते, मासा बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी खाली उतरून कवचात बसलेला असतो. तिसऱ्या फेरीत कल्ले सोलून निघतात आणि मासा पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकू लागतो.

यात आणखी एक पेच आहे. न्यूयॉर्क मत्स्यालयात रॉस निग्रेली यांनी सी. एम. ब्रेडर यांच्यासह १९३४ मध्येच त्वचेवरच्या कृमींबाबत दाखवले की, या आजारातून वाचलेल्या माशात काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. पांढऱ्या ठिपक्यांबाबतही पुढे तेच आढळले. ऐकायला ही चांगली बातमी आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की टाकीतला जुना, तगडा, ठिपका नसलेला मासा थोडेफार परजीवी बाळगून असू शकतो. मग नवा मासा येतो, आठवड्यात मरतो, आणि दोष दुकानदाराला लागतो. कधी नवा मासा रोग आणतो, कधी तो जुन्या घरातल्या रोगाला बळी पडतो. नुसत्या डोळ्यांना हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत.

औषधाला वेगळी खोली लागते

सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये व्हेल्व्हेटवर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, उपाय प्रसिद्ध केला. द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणातून ठाऊक असलेलेच हे मोरचूद. पाण्यात विरघळलेले तांबे परजीवीच्या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. त्वचेखाली बसलेल्याला आणि कवचात शिरलेल्याला ते मारू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक पिल्लू कधी ना कधी बाहेर येईपर्यंत, म्हणजे किमान दोन-तीन आठवडे, तांबे एकाच पातळीवर ठेवावे लागते. ही पातळी लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याहून कमी झाले तर परजीवी तगतो, फार जास्त झाले तर मासाच दगावतो.

इथे टाकीची रचना आड येते. वाळू, प्रवाळाचे तुकडे, चुनखडीचे दगड हे सारे तांबे शोषून घेतात. सकाळी मोजून टाकलेले औषध संध्याकाळपर्यंत निम्मे उरत नाही. शिवाय कोळंबी, शंख, समुद्रफूल आणि प्रवाळ यांना इतके तांबे सोसतच नाही. म्हणजे प्रेक्षकांना जी टाकी सुंदर दिसते तिच्यात हे औषध चालत नाही, आणि औषध चालेल अशी टाकी ओकीबोकी असते : तळाला वाळू नाही, लपायला प्लास्टिकच्या नळीचे तुकडे, एक हवेचा पंप, एक गाळणी. औषधाच्या स्वभावामुळेच मागच्या खोलीची गरज निर्माण झाली.

दुसरा मार्ग बिनऔषधाचा आहे, आणि त्यात परजीवीचेच वेळापत्रक त्याच्यावर उलटवले आहे. इस्राएलमध्ये एलात येथे काम करणाऱ्या अँजेलो कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये दाखवले की, माशांना दर तीन दिवसांनी कोरड्या करून स्वच्छ केलेल्या नव्या टाकीत हलवत गेले तर चार फेऱ्यांत ते पांढऱ्या ठिपक्यांतून मुक्त होतात. माशावरून खाली पडलेला परजीवी जुन्या टाकीच्या तळाशी राहतो. त्याचे कवच फुटायच्या आत मासा दुसऱ्या घरी गेलेला असतो. खुल्या समुद्रात मासा जे सहज करतो, म्हणजे पुढे निघून जातो, तेच इथे दोन बादल्या आणि एक जाळी यांनी साधले.

मासे बाहेर काढल्यावर मूळ टाकीचे काय, हाही प्रश्न उरतो. एका नोंदीत कवच ७२ दिवसांनंतरही जिवंत निघाले. म्हणून जाणकार शौकीन टाकी ७६ दिवस माशांविना ठेवतात. पालघरच्या किनाऱ्यावर ही कल्पना समजावून सांगायला वेळ लागू नये. सातपाटी, मुरबे, दांडी, डहाणू इथल्या होड्या १ जून ते ३१ जुलै किनाऱ्याला ओढलेल्या असतात. त्या बंदीचा हेतू वेगळा, माशांच्या विणीचा. पण काही काळ हात आखडून बसल्याशिवाय पुढचे वर्ष नीट जात नाही, हा व्यवहार तोच आहे.

बोईसरची टाकी

सार्वजनिक मत्स्यालयापुरते हे मर्यादित राहिलेले नाही. खाऱ्या पाण्याची टाकी आता मध्यमवर्गीय दिवाणखान्यातही असते. बोईसरच्या किंवा पालघरच्या शौकिनाने मुंबईच्या बाजारातून विदूषक मासा घेतला तर तो डहाणू लोकलने प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येतो. त्याआधी तो इंडोनेशिया, श्रीलंका किंवा मन्नारच्या आखातासारख्या ठिकाणाहून विमानाने आला असण्याचा संभव असतो, आणि वाटेत अनेक टाक्यांतून गेलेला असतो. प्रत्येक टाकीत तो दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी राहिलेला असतो.

पिशवीतल्या प्रवासाचाही एक रसायनशास्त्रीय धोका आहे. माशाच्या श्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतले पाणी आम्लधर्मी होत जाते, आणि अशा पाण्यात साचलेला अमोनिया कमी विषारी असतो. पिशवी उघडून ठेवली की वायू उडून जातो, पाण्याचा सामू वर चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तासभर मासा ‘रुळवण्याची’ पद्धत म्हणूनच लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला बाधू शकते. विलगीकरणाची टाकी आधीच पिशवीतल्या पाण्याइतक्या खारटपणाची करून ठेवली तर मासा लगेच सोडता येतो.

समुद्र दहा मिनिटांवर असताना पाणी विकत का घ्यायचे, हा बोईसर-तारापूरकडचा स्वाभाविक प्रश्न. अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचे पाणी घेते, यंत्रातून एकदा फिरवते आणि परत सोडते. तिथे पाणी थंड हवे, एवढेच पाहायचे असते. टाकीतल्या माशाला त्याच पाण्यात दिवसरात्र श्वास घ्यायचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ होता, देशातला सर्वाधिक. इथल्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. खाडीचे पाणी उचलून टाकीत ओतणे म्हणजे गाळ, रसायने आणि परजीवी यांना एकत्र आमंत्रण. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून पाणी तयार करणे महाग असले तरी त्यात काय आहे हे माहीत असते.

या किनाऱ्याने मात्र एक धडा फार पूर्वीपासून गिरवला आहे. पावसाळ्यात वैतरणेसारख्या नद्यांचे पाणी उतरते तेव्हा किनाऱ्यालगतचा समुद्र गोडसर होतो, आणि खाडीतले मासे ते सोसतात. हाडाच्या समुद्री माशांच्या रक्तातले क्षार समुद्रापेक्षा बरेच कमी, सुमारे एक तृतीयांश असतात. म्हणून खारटपणा उतरला की माशाच्या शरीराचे कष्ट उलट हलके होतात. परजीवीच्या पेशीला तो आधार नाही. टाकीचा खारटपणा समुद्राच्या निम्म्याखाली, हजारी १५-१६ भागांवर, काही आठवडे ठेवून पांढरे ठिपके घालवण्याची पद्धत या फरकावर बेतली आहे. पण ती सरसकट लागू पडत नाही. कमी खारट पाण्यात तगणारे परजीवीचे प्रकारही सापडले आहेत, आणि व्हेल्व्हेटला तर या उताराचे काहीच वाटत नाही. त्वचेवरच्या कृमींना गोड्या पाण्याची पाच मिनिटांची अंघोळ पुरते. ते पांढरे पडून गळून जातात. तीच अंघोळ त्वचेखाली दडलेल्या ठिपक्यांना काही करत नाही. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये हा वैद्याचा नियम इथेही आहे, आणि ओळखायला मासा डोळ्यांसमोर वेगळा असावा लागतो.

तीस, चाळीस आणि किती

‘क्वारंटाइन’ हा शब्द चाळीस दिवसांवरून आला हे २०२० नंतर बहुतेकांना माहीत झाले. त्याआधी, १३७७ मध्ये, रागुसा म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक बंदराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. नव्या माशासाठी आज साधारणपणे सांगितला जाणारा काळही सुमारे तीस दिवसांचाच आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ चा साथरोग कायदा झाला. करोनात तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. त्या कायद्याच्या आठवणी आपल्याकडे कडवट आहेत, कारण वेगळे ठेवणे म्हणजे शिक्षा असा अनुभव लोकांना आला. माशांच्या बाबतीत दोष नेमका उलट आहे. त्यांना वेगळे ठेवणे कुणाला आवश्यकच वाटत नाही.

अर्थकारण आले की चित्र बदलते. पालघर जिल्ह्यात कोळंबीचे संवर्धन होते. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा असतो. माशांच्या ठिपक्यांशी त्याचे नावापुरतेच साम्य. त्या विषाणूने नव्वदच्या दशकात देशातल्या कोळंबी शेतीला जबर फटका दिला. नंतर २००९ मध्ये व्हनामी जातीच्या कोळंबीला परवानगी देताना, परदेशातून येणारी बीजकोळंबी चेन्नईजवळच्या नीलांकराई येथील जलीय विलगीकरण केंद्रातूनच जाईल, अशी व्यवस्था झाली. शोभेच्या माशांच्या आयातीसाठीही केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पण देशातच पकडलेला, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आणि तिथून घरी गेलेला मासा अशा कुठल्याच दारातून जात नाही. त्याच्यासाठी शेवटचे विलगीकरण केंद्र म्हणजे मालकाची दुसरी टाकी. ती नसेल तर केंद्रच नाही.

औषधांची गोष्टही अशीच. मलेरियावरचे क्लोरोक्विन व्हेल्व्हेटवर चालते, म्हणून ते मत्स्यालयांच्या कपाटात असते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका माणसाने करोनाच्या भीतीने माशांच्या टाकीसाठीचे क्लोरोक्विन घेतले आणि तो मरण पावला. माशाचे औषध माशाच्याच मापाने आणि माशाच्याच खोलीत राहावे, याचा हा अतिशय दुःखद पुरावा.

काचेच्या मागे काय आहे

तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा सर्वांत जास्त बोलले गेले ते पारदर्शक बोगद्याबद्दल. ते साहजिकही आहे. लोक तिकीट काढतात ते त्यासाठी. १९५१ मध्येही लोक गेले ते काचेसमोरच उभे राहायला. पण गेल्या शंभर वर्षांत न्यूयॉर्क, लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि एलात इथे जे शिकले गेले, त्याचा मथितार्थ काचेसमोर उभे राहून दिसत नाही. समोरच्या टाकीत मासा किती दिवस जगेल हे मागच्या टाकीत तो किती दिवस थांबला यावर ठरते. मागची टाकी स्वस्त असते, कुरूप असते आणि तिला तिकीट लावता येत नाही. त्यामुळे काटकसर करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते, आणि नंतर मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे आणण्यात तिच्या किमतीच्या कित्येक पट पैसे जातात. मोजावी लागते ती प्राण्यांची किंमत वेगळीच. दूरच्या प्रवाळावरून पकडलेला, हजारो मैल आणलेला मासा आठवड्यात मेला तर त्याच्या पकडण्यालाही अर्थ उरत नाही.

मुंबईत नव्या मत्स्यालयाची चर्चा अधूनमधून होते, आणि कोकण किनाऱ्यावर पर्यटनासाठीही अशा योजना सुचवल्या जातात. आराखडा पुढे येईल तेव्हा बोगद्याची लांबी आणि टाकीचे लिटर विचारले जातीलच. नागरिकांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत : नव्या माशांसाठी स्वतंत्र टाक्या किती आहेत? त्यांचे पाणी, जाळ्या आणि बादल्या मुख्य टाक्यांपासून वेगळ्या आहेत का? आणि सूक्ष्मदर्शक यंत्राशी बसणारा माणूस पगारावर आहे का? या तिन्हींची उत्तरे आराखड्यात लिहिलेली असतील तरच बोगद्याच्या खर्चाला मंजुरी द्यावी.